फोडणीचा वास उशिरा का येतो? (गोळीपेक्षा वेगवान रेणू आणि इतर तक्रारी)

पाणकावळा – शनिवार, रात्री १०.४२

परवा रात्रीची गोष्ट. स्वयंपाकघरात आमटीला लसणाची फोडणी पडली. चर्र आवाज हॉलमध्ये लगेच आला. वास मात्र चपला काढून, पाय धुऊन, पाहुण्यासारखा सावकाश आला. आमची लेक नववीत आहे आणि सध्या तिला विज्ञानाच्या पुस्तकात चुका काढायचा नाद लागलाय. ती म्हणाली, "बाबा, हवेचे रेणू सेकंदाला चारशे-पाचशे मीटर पळतात असं तूच सांगितलंस ना? ओट्यापासून सोफ्यापर्यंत सहा मीटरसुद्धा नाहीत. मग वास सेकंदाच्या शंभराव्या भागात यायला नको?"

मी मेकॅनिकलवाला. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर कसाबसा सुटलेला. तरी बापाची इभ्रत पणाला लागली होती, म्हणून उत्तर तयार केलं. इथे मांडतोय, जाणकारांनी चिरफाड करावी.

वेगाचा आकडा बरोबर आहे. २७ अंश सेल्सिअसला नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ४७५ मीटर. पिस्तुलाच्या गोळीचा साडेतीनशे-चारशेच्या आसपास असतो. म्हणजे हा धागा वाचताना तुमच्या गालांवर अखंड गोळीबार चालू आहे. एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला किती धडका? ३ वर २३ शून्यं. एकेक धडक नगण्य, पण सगळ्यांची बेरीज म्हणजे हवेचा दाब: चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो वजनाचा भार. तळहात शंभर चौरस सेंटिमीटरचा धरला तर त्यावर क्विंटलभर. हात खाली जात नाही, कारण खालूनही तेवढाच मार बसतो.

वायूचा दाब म्हणजे भिंतीवर आपटणाऱ्या कणांचा मार, ही कल्पना डॅनियल बर्नोलीने १७३८ मध्येच मांडली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं ती तशीच पडून राहिली.

आता वास. रेणू वेगवान आहे, पण त्याला मोकळी वाट मिळत नाही. मिलिमीटरचे पंधरा हजार भाग करा. त्यातल्या एका भागाइतकं अंतर काटलं की दुसऱ्या रेणूशी टक्कर होते आणि दिशा बदलते. अशा सेकंदाला सात अब्ज टकरा. निघाला सोफ्याकडे, पोचला फ्रिजकडे, तिथून परत ओट्याकडे. आवाजाचं तसं नाही. आवाजाला फक्त धक्का पुढे द्यायचा असतो, स्वतः यायचं नसतं. लोकलच्या दारात धक्काबुक्की झाली की खिडकीपाशी उभ्या माणसाला ताबडतोब कळतं, पण दारातला माणूस खिडकीपाशी पोचेपर्यंत कुर्ला जातं. आवाज म्हणजे तो धक्का आणि वास म्हणजे दारातला माणूस.

गंमत म्हणजे लेकीचा प्रश्न जुना निघाला. जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसने १८५७ मध्ये रेणूंच्या गतीवर निबंध लिहिला, त्यात वेगांचे आकडेही दिले. त्यावर हॉलंडच्या बाइस-बॅलटने हाच आक्षेप घेतला: रेणू एवढे पळतात, तर खोलीत तंबाखूचा धूर थराथरांनी तरंगत कसा राहतो? एका कोपऱ्यात सोडलेला वायू दुसऱ्या कोपऱ्यात जाणवायला मिनिटं का लागतात? क्लॉसियसने १८५८ मध्ये उत्तर दिलं ते टकरांचंच. लेकीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न हुशार होता." आमटी राहिली बाजूला.


तिरकस – शनिवार, रात्री ११.०५

पहिला मी. धागा आवडला. बाकी वास उशिरा येतो कारण तुम्ही ओट्यापाशी मदतीला जात नाही, हे शास्त्रीय कारण राहून गेलं.


शिसपेन्सिल – रविवार, सकाळी ७.५०

पाणकावळा, छान लिहिलंय. पण चिरफाड मागितलीत म्हणून करते. अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, लाल शाई अजून सुकलेली नाही.

टकरांचा मुद्दा खरा, पण त्याने तुमचं उत्तर पूर्ण होत नाही. उलट भलतीच अडचण उभी राहते. हिशेब करून बघा. असं अडखळत जाणाऱ्या कणाला दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो, दहापट अंतराला शंभरपट. हवेतल्या वासाच्या रेणूसाठी ढोबळ आकडे घेतले तर एक सेंटिमीटर पसरायला पाचेक सेकंद, दहा सेंटिमीटरला आठ मिनिटं, एक मीटरला चौदा तास. आणि पाच मीटरला? दोन आठवडे!

म्हणजे निव्वळ टकरा खात वास यायचा असता, तर परवाच्या फोडणीचा वास तुम्हाला पुढच्या पंधरवड्यात आला असता. तो दहा-बारा सेकंदांत आला, कारण त्याला हवेच्या प्रवाहाने उचलून आणलं. कढईवरची तापलेली हवा वर चढली, छताला लागून पसरली, पंख्याने खाली ढकलली, कोणी दार उघडलं. पहिला प्रकार विसरण आणि दुसरा अभिसरण. आपल्याकडे विसरण शिकवताना हमखास अगरबत्तीचं उदाहरण देतात. मीही दिलं, कित्येक वर्षं. मग एकदा अकरावीच्या एका मुलाने फळ्यावर वरचा हिशेब मांडला आणि मी वर्गासमोर कान पकडले.

तेव्हा लेकीचा प्रश्न दोन मजली आहे. गोळीच्या वेगाने का येत नाही? टकरांमुळे. मग दोन आठवडे का लागत नाहीत? वाऱ्यामुळे.

आणि लोकल नको हो. लोकलमध्ये माणसं एकमेकांना चिकटलेली असतात. ते वर्णन द्रवाला शोभेल. वायूत दोन रेणूंमधलं अंतर रेणूच्या जाडीच्या दहापट, आणि दोन टकरांमधला प्रवास जाडीच्या दोनेकशे पट. लिटरभर पाण्याची वाफ सोळा-सतराशे लिटर होते, त्यावरून किती पोकळी असते बघा. म्हणून तर वायू दाबता येतो आणि पाणी दाबता येत नाही.


पाणकावळा – रविवार, सकाळी ८.३१

बाई, शिरसावंद्य. दोन आठवडे! लेकीला सांगितलं. ती आता पंखा बंद करून, दारं लावून प्रयोग करणार आहे. निकाल इथे देईन.


खर्डेघाशी – रविवार, सकाळी ९.१५

एक बाळबोध शंका. कॉमर्सचा माणूस आहे, दिवे घ्या. चेंडू टाकला की चार टप्पे खाऊन थांबतो. मग हे रेणू सृष्टीच्या आरंभापासून एकमेकांना धडकताहेत, ते दमत का नाहीत? सगळी हवा जमिनीवर धुळीसारखी का साचत नाही?


शिसपेन्सिल – रविवार, सकाळी १०.०२

बाळबोध मुळीच नाही. या शंकेने भल्याभल्यांना छळलंय.

चेंडू थांबतो म्हणजे त्याची ऊर्जा जाते कुठे? चेंडूच्या रबरातल्या आणि फरशीतल्या रेणूंच्या थरथरीत. फरशी किंचित गरम होते, इतकी किंचित की कळत नाही. म्हणजे मोठ्या वस्तूची गती शेवटी रेणूंच्या गतीत मुरते. आता रेणू रेणूला धडकला, तर ऊर्जा मुरणार कुठे? खाली आणखी मजलाच नाही. एकाची कमी झाली की दुसऱ्याची तेवढीच वाढते. तुमच्या भाषेत सांगायचं तर जमाखर्च चालू, एकूण शिल्लक तीच. भिंत थंड असेल तर रेणू धडक देऊन थोडी ऊर्जा भिंतीला देतात आणि हळू होतात. त्यालाच आपण हवा गार झाली म्हणतो.

म्हणून तापमान हा सरासरीचा आकडा आहे. कंपनीतला सरासरी पगार असतो तसा. एका रेणूला तापमान नसतं, एका माणसाला सरासरी पगार नसतो तसंच. आणि सगळ्यांचा पगार सारखाही नसतो: काही रेणू रांगतात, काही सरासरीच्या तिप्पट वेगाने सुटतात. किती जण कुठल्या वेगाचे, याची विभागणी स्कॉटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६० मध्ये काढली. एकाही रेणूचा पाठलाग न करता गर्दीचा हिशेब मांडायचा, ही भौतिकशास्त्राला लागलेली नवीन सवय. रेणूंचे वेग प्रत्यक्ष मोजले ऑटो स्टर्नने, १९२० मध्ये. चांदीचे अणू तापवून, फिरत्या यंत्रातून सोडून.

जमिनीवर साचत का नाही? गुरुत्वाकर्षण ओढतंच, म्हणून तर खाली हवा दाट आणि वर विरळ. पण साचायला त्यांना शांत व्हावं लागेल, आणि जमीन स्वतःच गरम आहे. तिच्यावर पडलेला रेणू पुन्हा लाथ खाऊन वर येतो.


खर्डेघाशी – रविवार, सकाळी १०.२०

सरासरी पगार! आता समजलं. आमच्याकडेही सरासरी उत्तम आहे, फक्त मी रांगणाऱ्यांत मोडतो.


घाटावरचा – रविवार, दुपारी १२.४०

मी महिन्यातून चार वेळा गाडीने पुणे-मुंबई करतो. एक्स्प्रेसवेला लागण्याआधी टायरमध्ये ३२ भरतो. लोणावळ्याला चहाला थांबून बघावं तर ३६. एका टायरवाल्याने सांगितलं की नायट्रोजन भरा, तो तापत नाही आणि फुगत नाही. चार टायरचे पैसे घेतले. खरं आहे का? आणि महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म का होतं?


तिरकस – रविवार, दुपारी १२.५५

टायर २७ अंशांवरून ५४ वर गेला की दाब दुप्पट व्हायला हवा ना? तापमान दुप्पट झालं की! म्हणजे ६४. तुमचा काटा बिघडलाय.


पाणकावळा – रविवार, दुपारी १.३०

तिरकसराव, मुद्दाम खोडी काढताय हे ठाऊक आहे, पण हीच चूक मी दुसऱ्या वर्षाला केली होती, म्हणून उत्तर देतो. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण. रेणूंना तिचं काही सोयरसुतक नाही, शून्य अंशालाही ते जोरात पळत असतात. त्यांच्या ऊर्जेचं खरं शून्य उणे २७३ ला. तिथून मोजलं तर २७ म्हणजे ३००. टायर ५७ पर्यंत तापला तर ३३०. वाढ फक्त दहा टक्के.

दुसरी गोम काट्याची. काटा ३२ दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किती, ते. बाहेरच्या हवेच्या दाबाचे १४.७ मिळवा: ४६.७. त्याचे दहा टक्के वाढवा: ५१.४. बाहेरचे पुन्हा वजा करा: ३६.७. घाटावरच्यांचा काटा एकदम तंदुरुस्त आहे. म्हणूनच हवा नेहमी टायर थंड असताना तपासायची. तापल्यावर ३६ दिसले म्हणून सोडून दिली, तर रात्री गार झाल्यावर टायर कमी हवेचा.

आता नायट्रोजन. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे टायरवाल्याने तुम्हाला उरलेल्या बावीस टक्क्यांचं विकलं. आणि तापल्यावर दाब किती वाढणार हे रेणू कुठल्या जातीचा आहे यावर ठरत नाही. जड रेणू हळू धडकतो पण जोरात लागतो, हलका झपाझप धडकतो पण हळू लागतो, आणि त्याच तापमानाला दोघांचा हिशेब तंतोतंत सारखा येतो. सिलिंडरमधला नायट्रोजन कोरडा असतो, रबरातून ऑक्सिजनपेक्षा जरा सावकाश झिरपतो, एवढे फायदे खरे. विमानाच्या आणि रेसिंगच्या गाड्यांच्या टायरला ते मोलाचे. आपल्या हॅचबॅकला... पैसे तुमचे आहेत.

पाकिटाचं सोपं. आतले रेणू खाली भरलेले, तेवढेच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे बाहेरची हवा समुद्रसपाटीपेक्षा पंधरा टक्क्यांनी विरळ. आतून मार तोच, बाहेरून कमी. पाकीट फुगणारच.


कढीपत्ता – रविवार, दुपारी ३.१०

पुरुषमंडळी टायरमध्ये रमली आहेत, जरा स्वयंपाकघरात परत या. मी सिलिंडरला लावायचा दाबाचा काटा घेतला. वाटलं, काटा उतरत जाईल तसा गॅस किती उरला ते कळेल. दीड महिना काटा ढिम्म. आणि एका सकाळी पोळ्या अर्ध्यात असताना धाडकन खाली. काटा परत करू का?

दुसरं. गॅसचा वास आला तर खाली वाकून बघा, गॅस जमिनीलगत साचतो, असं आई सांगायची. पण तुम्ही म्हणता की रेणू सगळीकडे उधळतात. मग साचतो कसा?


शिसपेन्सिल – रविवार, दुपारी ४.२५

काटा बिचारा खरं बोलतोय, पण तुम्ही विचारलेलं नाही ते सांगतोय.

सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव असतो, त्याच्यावर वाफ. द्रवातले जरा तेज रेणू पृष्ठभाग सोडून वर उडतात, वाफेतले काही परत द्रवात पडतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की वाफेचा दाब ठरतो, आणि तो ठरतो तापमानावर. द्रव दहा किलो आहे की पाव किलो, याने फरक पडत नाही. तुम्ही शेगडी पेटवून थोडी वाफ काढून घेतली की तेवढी द्रवातून भरून निघते. द्रवाचा शेवटचा थेंब संपला की मग फक्त वायू उरतो, तेव्हा कुठे रेणू कमी होतील तसा दाब पडायला लागतो. ती तुमची पोळ्यांची सकाळ. (एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, प्रोपेन आधी उडतो, म्हणून काटा मधल्या काळात किंचित घसरतो. पण त्यावर हिशेब बांधता येत नाही.)

किती उरला ते पाहायचं तर ओल्या फडक्याने सिलिंडर उभा पुसा. द्रव आहे तिथपर्यंतचा पत्रा उशिरा वाळतो, वरचा लवकर. द्रवाला तापायला जास्त उष्णता लागते, एवढंच कारण. किंवा वजनकाटा, तो सर्वांत प्रामाणिक. घरगुती सिलिंडरमध्ये भरलेला गॅस १४.२ किलो आणि रिकाम्याचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं.

मोठी शेगडी बराच वेळ चालली की सिलिंडरला घाम येतो, पाहिलं असेल. द्रवातले तेज रेणू निघून गेले, मागे मंद राहिले, सरासरी उतरली. खर्डेघाशींच्या भाषेत, जास्त पगाराचे लोक सोडून गेले.

आता आईचं म्हणणं. एकदम बरोबर, आणि सकाळचा हिशेब आठवा: पाच मीटरला दोन आठवडे. प्रोपेनचा रेणू ४४ भाराचा, ब्युटेनचा ५८, हवेचा सरासरी २९. गळलेला गॅस बाहेर येतो तो लोंढ्याने, एकेक रेणू सुटा होऊन नाही. तो लोंढा हवेपेक्षा जड, म्हणून पाण्यासारखा खाली उतरतो आणि फरशीवरून वाहतो. तिथे हवेत नीट मिसळायला लागणारा वेळ फार मोठा, स्फोटाला लागणारा फार कमी. म्हणून गॅसचा वास आला तर दिवा-पंखा कशाचंही बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. एकदा पूर्ण मिसळलेला गॅस मात्र पुन्हा वेगळा होऊन खाली बसत नाही. आणि पाइपने येणारा गॅस म्हणजे मिथेन, १६ भाराचा. तो वर जातो. दोन्हींना एकच नियम लावू नका.


जुनी_रद्दी – रविवार, रात्री ९.०८

कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो. या सिद्धांताचा एक धागा आपल्या मुंबईत अडकलाय.

जॉन जेम्स वॉटरस्टन. एडिंबरोचा, जन्म १८११. १८३९ मध्ये मुंबईला आला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या पोरांना शिकवायला. नोकरी करून वेळ उरायचा, डोक्यात वायू. इथे बसून त्याने अख्खा सिद्धांत रचला: वायू म्हणजे सर्व दिशांना पळणारे, एकमेकांवर आदळून उसळणारे कण, आणि तापमान म्हणजे त्यांच्या गतीची ऊर्जा. उन्हाच्या तिरपीत नाचणाऱ्या चिलटांच्या थव्याची उपमा त्याचीच. पाणकावळा यांनी टायरच्या प्रतिसादात जे सांगितलं, की त्याच तापमानाला जड आणि हलक्या रेणूंचा हिशेब सारखा येतो, ते पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं वॉटरस्टनने. त्यानुसार हायड्रोजनचा रेणू ऑक्सिजनपेक्षा सोळापट हलका, म्हणून चौपट वेगवान.

१८४५ च्या डिसेंबरात हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोचला. परीक्षकांपैकी एकाचा शेरा असा की हे निव्वळ मूर्खपणाचं आहे, सोसायटीसमोर वाचण्याच्याही लायकीचं नाही. एक छोटा सारांश छापला गेला, बाकी निबंध दप्तरखान्यात. सोसायटीचा सदस्य नसलेल्याला हस्तलिखित परत मिळत नसे. आणि या भल्या माणसाने आपल्यापाशी प्रत ठेवली नव्हती.

पुढे क्लॉसियस, मॅक्सवेल, बोल्ट्झमन यांनी तीच इमारत नव्याने बांधली. वॉटरस्टन १८५७ मध्ये स्कॉटलंडला परतला. १८८३ च्या जूनमध्ये एके दिवशी फिरायला म्हणून घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना दप्तरात तो निबंध सापडला आणि १८९२ मध्ये तो छापला. लिहिल्यापासून ४७ वर्षांनी. रॅले यांनी सोबत प्रस्तावना जोडली. तिचा एक मथितार्थ असा की अनोळखी लेखकाने असलं धाडसी लिखाण वैज्ञानिक संस्थेऐवजी दुसऱ्या वाटेने जगापुढे आणावं. आता काय बोलणार!

मला स्वतःला त्या परीक्षकाचाही फार राग येत नाही. तेव्हा उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असं मानणारे पुष्कळ होते. वायूचे कण आपापल्या जागी बसून एकमेकांना ढकलतात, असं चित्र रूढ होतं. त्यात कोणी मुंबईहून लिहिणार की सगळे मोकाट पळताहेत! हेरापथ नावाच्या इंग्रज गृहस्थाचाही असाच निबंध याच सोसायटीने पंचवीसेक वर्षांआधी नाकारला होता. पण प्रत ठेवायला हवी होती राव. मी तर इथला प्रतिसादही आधी वहीत लिहितो.


पाणकावळा – रविवार, रात्री ९.३०

रद्दीसाहेब, हे माहीतच नव्हतं. चाळीस वर्षं मुंबईत काढली, कॉलेजात कोणी एका शब्दाने बोललं नाही.


तिरकस – रविवार, रात्री ९.४१

अवांतर: कोकणाचा असा हक्काचा वायू म्हणजे हेलियम. तो विजयदुर्गाच्या किल्ल्यावर सापडला.


जुनी_रद्दी – रविवार, रात्री ९.५८

नाही हो. १८६८ च्या सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ दिसली, त्यातला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय, इंग्लंडातून तीच रेघ पाहिली. विजयदुर्गावर लॉकयर आला तो १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. किल्ल्यावर तो आला होता हे खरं, हेलियम तिथे सापडला हे खरं नाही. मालवणी मित्रांनो, दगड मारू नका.


शिसपेन्सिल – रविवार, रात्री १०.१५

हेलियम निघालाच आहे तर: त्याचा रेणू म्हणजे एकटा अणू, भार ४. २७ अंशांना त्याचा सरासरी वेग सव्वा किलोमीटरच्या वर. पृथ्वी सोडून जायला सेकंदाला ११.२ किलोमीटर लागतात, म्हणजे सरासरी रेणू पळू शकत नाही. पण मॅक्सवेलच्या विभागणीची शेपटी लांब असते, आणि वातावरणाच्या अगदी वरच्या थरात तापमानही बरंच जास्त. तिथून दर क्षणी थोडे निसटतात. म्हणून आपल्या हवेत हेलियम नावापुरता आहे. चंद्राला २.४ किलोमीटरच पुरतात, त्यामुळे त्याच्याकडे हवाच टिकली नाही. वाढदिवसाचा फुगा दुसऱ्या दिवशी लोळतो, त्यातही हेच: छोटा, वेगवान अणू रबराच्या फटींतून निघून जातो.


घाटावरचा – रविवार, रात्री १०.३२

टायर धाग्यावर परत आणतो. सायकलचा पंप मारताना खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं. वॉशर घासतो म्हणून ना?


पाणकावळा – रविवार, रात्री ११.१०

घर्षणाचा वाटा असतो, पण मुख्य कारण ते नाही. नाहीतर दट्ट्या जिथे घासतो ती सगळी नळी सारखी तापली असती. तापतं ते टोक, जिथे हवा कोंडली जाते.

क्रिकेटने सांगतो. बॅट नुसती धरून ठेवली तर चेंडू आला त्याच वेगाने परत जाईल. बॅट पुढे आणून फटका मारला तर जास्त वेगाने जाईल. पंपाचा दट्ट्या म्हणजे पुढे येणारी बॅट. त्यावर आदळणारा प्रत्येक रेणू आला त्यापेक्षा थोडा जास्त वेग घेऊन परततो. रेणूंचा वेग वाढला म्हणजेच हवा तापली, तिसरं काही नाही. हवा झटकन अर्ध्या जागेत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर २७ अंशांवरून हिशेबाने सव्वाशेच्या घरात जाते. डिझेल इंजिनात तीच हवा अठरापट दाबली जाते, हिशेबाने साडेसहाशे अंशांच्या वर, आणि ठिणगीशिवाय डिझेल पेटतं. आमच्या शाखेचं पोट यावर चालतं.

उलट बाजूही बघा. जोराचा झेल घेताना आपण हात मागे नेतो. चेंडूचा वेग हातात मरतो. टायरची हवा सोडताना व्हॉल्व्ह गार लागतो तो असाच: आतली हवा बाहेरच्या हवेला मागे रेटत पसरते, रेणू मागे सरकणाऱ्या हातांवर आदळतात आणि मंदावतात.


कढीपत्ता – सोमवार, सकाळी ८.४४

आणि कुकर? झाकण लावून तापवला की रेणू जोरात धडकतात म्हणून शिट्टी, इतकंच ना?


शिसपेन्सिल – सोमवार, सकाळी ९.२०

इतकंच असतं तर शिट्टी झाली नसती. कोरडा कुकर २७ वरून १२० अंशांवर नेला तर ३०० चे ३९३, म्हणजे दाब जेमतेम तीस टक्के वाढतो. शिट्टीचं वजन उचलायला आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट लागतो. तो येतो पाण्यातून सुटलेल्या नव्या रेणूंमुळे. धडका जोरात बसतात हे खरं, पण धडकणारेही वाढतात. १२० अंशांना एकट्या वाफेचाच दाब वातावरणाच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून तळाशी पाणी नसलेला कुकर शिट्टी देत नाही, नुसता करपतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.


पाणकावळा – सोमवार, रात्री ९.५०

प्रयोगाचा निकाल. स्थळ आमचा हॉल, पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, सगळ्यांना हलायची बंदी. लेकीने एका टोकाला टेबलावर संत्र्याची साल दाबून ठेवली आणि मागे न सरकता तिथेच बसली. मी दुसऱ्या टोकाला, पाच मीटरवर. पंखा चालू असताना ७ सेकंदांत वास आला होता. बंद असताना साडेचार मिनिटं काही नाही, मग हलकासा आला. बाईंच्या दोन आठवड्यांपेक्षा फारच लवकर. लेकीचं म्हणणं, आपण दोघं श्वास घेतोय, अंग गरम आहे, त्यानेच हवा हलतेय, म्हणजे आपणच प्रयोग बिघडवतोय. पुढच्या वेळी मी श्वास घ्यायचा नाही असं ठरलंय.


खर्डेघाशी – सोमवार, रात्री १०.०५

शेवटची शंका, मग झोपतो. रेणू जोरात आदळले म्हणजे गरम, बरोबर? मग पंखा लावल्यावर ते आणखी जोरात अंगावर येतात, तरी गार का वाटतं?


शिसपेन्सिल – सोमवार, रात्री १०.३०

पंख्याचा वारा सेकंदाला दोन-तीन मीटर. रेणूंचे स्वतःचे ४७५. त्यात दोन-तीनची भर म्हणजे लोकलच्या गर्दीत एक छत्री. शिवाय तापमान मोजतं ती सैरावैरा गती, सगळ्यांनी मिळून एका दिशेला जाणं त्यात धरत नाहीत. पंखा हवेला गार करतच नाही, रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर मोटरच्या उष्णतेने खोली किंचित तापेल. गार होता ते तुम्ही: अंगालगतचा दमट, ऊबदार थर वारा उडवून लावतो, घाम लवकर वाळतो, आणि घामातले जास्त पगाराचे रेणू नोकरी सोडून जातात.


तिरकस – सोमवार, रात्री १०.३४

त्या आमटीचं शेवटी काय झालं?


पाणकावळा – सोमवार, रात्री १०.४०

गार झाली. कारण वर दिलेलं आहे.